तिलकची खुकरी घेऊन तानसेनला

नेपाळला कशाला, असं कुणी विचारलं की मी लुंबिनीचं नाव सांगत होते. खरं कारण बॅगेत जुन्या साडीत गुंडाळलेलं होतं आणि ते माझं नव्हतं.

हडपसरच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. गेटवरचा तिलक बारा वर्षं पुण्यात आहे. मूळचा तो नेपाळच्या डोंगरातल्या तानसेनजवळचा. त्याच्या वडिलांनी घडवलेली खुकरी, म्हणजे पुढे झुकलेल्या पात्याचा तो नेपाळी सुरा, मी फणस फोडायला मागून आणली. फणस चार घावांत मोकळा झाला. परत देताना धार लावून द्यावी म्हणून मी ती बुधवार पेठेत धारवाल्याच्या दुकानात नेली. विजेच्या चाकावर ठिणग्या उडाल्या, कडेला निळा पट्टा आला. घरी येऊन नारळावर मारली तर धार चक्क दुमडली.

ओळखीच्या एका म्हाताऱ्या लोहाराला दाखवली. "बाई, पाणी उतरवलंत तुम्ही हिचं," तो म्हणाला. चाकाच्या उष्णतेने धारेचा कडकपणा गेला होता. "जिथली आहे तिथं न्या. मी हात लावणार नाही."

तिलकचे वडील आता हयात नाहीत. त्याला मी दोनदा सांगितलं की दुकान बंद होतं. लुंबिनीला जाते म्हटल्यावर तो इतका खूश झाला की काकांचा पत्ता आणि काकूसाठी स्वेटर त्यानेच आणून दिला. काकाही लोहारच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुणे स्टेशनवर सामान तपासणीच्या यंत्रातून बॅग बाहेर येताच मी ती उचलून चालू पडले. पुढे गोरखपूरपर्यंत दीड दिवस मी बॅग उशाला घेऊन जागीच. शेजारच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं, "अहो, दागिने आहेत का एवढे?" मी नुसती हसले.

गोरखपूरहून सोनौलीची सीमा बसने तीन तास. ओळख म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा आणि पैसे शंभराच्या नोटांत न्या. पलीकडे बुटवलला गाडी बदलून तानसेन. रस्ता सगळा वळणांचा, दरी खिडकीला लागून. वाटेत डाळ-भात घ्या, त्याच पैशांत भात-भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. मला दोन घासही गेले नाहीत.

काकांची भट्टी गावाखाली अर्ध्या तासाच्या उतारावर. मुंबईत काही वर्षं काढल्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. काकूचा स्वेटर आणि गुंडाळी मी पुढे केली. त्यांनी खुकरीवरची साडी सोडली, पातं उन्हात धरलं. निळा पट्टा अंगठ्याने चाचपला. मग पात्याच्या पाठीवरच्या एका ओबडधोबड जागेवर बोट ठेवलं. "यहाँ भाई जल्दी में था. सुबह लड़के की बस थी, पूना की."

मला रडू आलं. त्यांनी चहा दिला आणि मग कामाचं बोलले. पुन्हा तापवून पाणी देता येईल, पण पातं तडकूही शकतं. "जिसकी है, उससे पूछो. फिर आग."

म्हणजे मीच फोन करायचा होता. तिलकला सगळं सांगितलं, बुधवार पेठेपासून. "काकांना फोन द्या," एवढंच तो म्हणाला. ते नेपाळीत बोलले, मला अक्षर कळलं नाही. काकांनी फोन ठेवला आणि कोळसा पेटवला.

मूठ काढली, पातं तापवून दुमडलेली धार ठोकून सरळ केली, कानशीने घासली. पातं पुन्हा लाल झाल्यावर त्यांनी चोचीची किटली उचलली. पाण्याची बारीक धार फक्त कडेवरून, टोकापासून मुठीकडे. पाठ कोरडीच राहिली. कडेला कडकपणा हवा, पाठीला लवचीकपणा, म्हणजे घाव बसला तरी पातं मोडत नाही. हे सगळं हाताच्या अंदाजावर. चर्र आवाज झाला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काका नखाने पात्यावर टिचक्या मारत, तडा गेलाय का ते कान लावून ऐकत होते. एकदा, दोनदा, पाचदा.

"ठीक है," ते म्हणाले. मूठ परत बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. पाठीवरच्या त्या ओबडधोबड जागेला मात्र त्यांनी कानस लागू दिली नाही.

एवढं लांब जाऊन लुंबिनी राहिलीच. तुम्ही गेलात तर चुकवू नका. मला आठवतो तो त्या काकांचा हात, किटली धरलेला, जराही न थरथरणारा.

हडपसरला पोचले तेव्हा तिलक गेटवरच होता. त्याने खुकरी दोन्ही हातांनी घेतली, वहीचा कागद उभा धरून कापला. कागद सरळ कापला गेला.

"छान झाली, मॅडम," तो म्हणाला. मग नजर खाली ठेवूनच म्हणाला, "पण आता परत मागू नका."

गाडी वाकडी लावली म्हणून साऱ्या सोसायटीला सुनावणारी मी. "नाही मागणार," म्हणाले आणि बॅग उचलून लिफ्टकडे गेले.