गालातले मनुके

ग्रीसमधल्या एगिओ बंदराचे मनुके पूर्वी जगभर जायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ग्रीस बळकावला आणि बंदरातला सगळा माल एकट्या जर्मनीला जाऊ लागला. त्यांच्या केकांत मनुके पडत होते, आणि ते पिकवणारं गाव उपाशी मरत होतं.

सेवस्ती वखारीत मनुके निवडायची. निवडताना बायकांनी सतत गायचं, हा तिथला जुना नियम. गाणारं तोंड चोरून खात नाही, असं मुकादम लाम्ब्रोसचं म्हणणं. सेवस्तीचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पण ती गालात पाच मनुके दाबून गायची, आणि घरी जाऊन ते आपल्या चार वर्षांच्या लेकीला, लेनियोला भरवायची. त्यातला एकही तिनं कधी गिळला नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती आली, कामाला बसली, पण गाईना.

मुकादम खेकसला, "काय गं, दातखीळ बसली? उघड तोंड! बघू किती कोंबलेत!"

तिनं मुकाट्यानं आ केला. त्यानं बोट घालून दोन्ही गाल चाचपले. काहीच नव्हतं.

"मग गात का नाहीस?"

"काल लेनियोला माती दिली, दादा," सेवस्ती म्हणाली. "आता कुणासाठी गाऊ?"