लुसिंडाच्या घराची पश्चिमेची भिंत

न्यू मेक्सिकोला जायचं मी ठरवलं आणि शुभांगीकाकूंना सोबत यायची गळ घातली. काकू मूळच्या पुण्याच्या, निवृत्त डॉक्टर. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूमध्ये माझ्या घरापासून दोन सिग्नल पुढे राहतात. माझी दुखणीखुपणी, सणवार सगळं त्यांच्याकडेच होतं.

"रिसॉर्ट नाही, वर आपणच पैसे देऊन गवंडीकाम करायचं. ही सुट्टी आहे की शिक्षा?" असं म्हणत त्यांनी तिकीट बुक केलं.

सांता फेच्या उत्तरेला डोंगरात एक लहान गाव आहे. घरं कच्च्या विटांची, मातीने लिंपलेली. मधल्या काळात लोकांनी त्यांवर सिमेंट थापलं, आत ओल कोंडली आणि भिंती पायथ्याशी भुसभुशीत झाल्या. आता गावकरी एकेक घर सिमेंट काढून पुन्हा मातीचं करतात आणि पाहुण्यांना राहायला देतात. भाडं गावाच्या निधीत जातं, त्यातून पुढचं घर उभं राहतं. पाहुण्यांना हवं तर तेही कामाला हात लावतात. 'मातीशी नातं' या विषयावर मी याच ब्लॉगवर किती लिहिलंय ते तुम्हाला माहीतच आहे. मला ही सहल चुकवून चालणारच नव्हतं.

जाणार असाल तर: अल्बुकर्कीपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. सांता फे सोडण्याआधी गाडीत पेट्रोल भरून घ्या. शेवटचा रस्ता खडीचा आहे, साधी गाडी चालते, पण पाऊस पडून गेला असेल तर थांबा. राहण्याचा खर्च बऱ्या मोटेलइतका येतो आणि त्यात दोन वेळचं जेवण असतं. सप्टेंबर संपताना नदीकाठची झाडं पिवळी व्हायला लागतात. काकू गाडी थांबवायला लावून फोटो काढत होत्या.

आमची यजमानीण लुसिंडा. साठीची, जाडजूड वेणी, प्रत्येकीला 'मिहा' म्हणणारी, म्हणजे आपल्याकडे 'पोरी' म्हणावं तसं. यंदा पाळी तिच्याच घराची होती. आजीचं ते घर मोडकळीला आल्यापासून ती अंगणातल्या ट्रेलरमध्ये राहते. छप्पर झालं होतं, तीन भिंतीही झाल्या होत्या. पश्चिमेची भिंत लिंपायची राहिली होती, विटा उघड्या होत्या.

"रविवारपर्यंत ही झाली, तर थंडीच्या आत वाळेल," ती म्हणाली. "मग या हिवाळ्यात मी माझ्या आजीच्या चुलीपाशी बसेन. नाहीतर बर्फ थेट विटांवर बसणार. मग उन्हाळ्यापर्यंत पुन्हा हा डबा." तिने ट्रेलरच्या पत्र्यावर थाप मारली. मग आम्हा पाहुण्यांकडे वळून विचारलं, "मातीत कुणी काम केलंय?"

माझ्याआधी काकूच बोलल्या. "आमच्या हिने? लॅपटॉपपेक्षा जड काही उचललं नसेल हो."

सगळे हसले. मीही हसले.

खरं असं आहे. मी लातूरकडच्या एका गावातली. बाबा टेम्पो चालवायचे. आमचं घर मातीचं होतं, माझं इंजिनिअरिंग पूर्ण होईपर्यंत. दर दिवाळीआधी आई आणि मी भिंती लिंपायचो. घरात पहिली पदवी माझी. त्या दिवशीचा गाऊनमधला आईबाबांसोबतचा फोटो माझ्या बेलव्ह्यूच्या टेबलावर आहे, पण त्यातली मागची भिंत मी कापून टाकलीय. 'गावाकडे घर आहे' एवढंच मी काकूंना सांगितलं होतं. त्यांनी मनात बंगला बांधला, मी तो बांधू दिला.

त्यामुळे शुक्रवारी काम सुरू झालं तेव्हा मी नवशिक्यांच्या रांगेत उभी राहिले. काकूंनी आठवणीने आणलेले पिवळे रबरी हातमोजे घातले. माती आणि गव्हाच्या काडाचा गारा हातमोज्यावरून घसरतो, भिंतीला धरत नाही. भिंत आधी ओली करायची, गोळा तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबायचा, मग हात अर्धगोल फिरवायचा. हे मला झोपेतही येतं. मी मात्र गोळे पाडत राहिले आणि "अरेच्चा" म्हणत राहिले.

शनिवारी दुपारी जेवणात घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, जाड पोळ्या आणि मिरचीचं कालवण. लाल हवी की हिरवी, हे तिथे आधी विचारतात. काकूंनी दोन्ही घेतल्या आणि "आमच्या ठेच्यापुढे हे बाळ आहे" असं डोळे पुसत सांगितलं. लुसिंडा मनगट चोळत हसली. आदल्या संध्याकाळपासून ते सुजलं होतं. भिंत निम्मीच झाली होती.

रविवारी निघायच्या आधी काकू सामान भरायला गेल्या. बाकीचे पाहुणे गेले होते. लुसिंडा ट्रेलरमध्ये पट्टी बांधत होती. भिंतीचा उजवा कोपरा, जमिनीपासून छपरापर्यंत, उघडाच होता. मी हातमोजे काढले.

किती वेळ लिंपत होते कळलं नाही. खांद्याच्या उंचीपर्यंत पोचले तेव्हा लुसिंडा मागे उभी होती. ती माझे हात बघत होती.

"मिहा," ती हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारी हे हात कुठे होते?"

मी काही बोलायच्या आत काकू बॅग ओढत आल्या. "अगं, काय छान जमतंय तुला. कुठे शिकलीस?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं.

"यूट्यूबवर," मी म्हणाले.

काकू खूश झाल्या. त्यांनी लगेच लुसिंडाला इंग्रजीत सांगितलं की आमची मुलगी किती हुशार, व्हिडिओ बघून शिकली. लुसिंडाने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाली, "चांगला असणार व्हिडिओ." मग तिने आम्हाला वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या. विमान गाठायचं होतं. मागे बघितलं तेव्हा ती एका हाताने निळी ताडपत्री कोपऱ्यावर ओढत होती.

घरी आल्यावर आईला फोन केला. "अमेरिकेतबी मातीची घरं?" ती हसत सुटली. "आन् लोक पैसे देऊन लिंपतेत? मग तू हात लावलास का न्हाई?"

"थोडा," मी म्हणाले.

"थोडाच?" एवढंच ती म्हणाली.

परवा लुसिंडाचा मेसेज आला. बर्फ लवकर पडला. ताडपत्रीखाली विटांनी ओल धरली, या हिवाळ्यात ती ट्रेलरमध्येच राहील. मेमध्ये पुन्हा काम काढणार आहे. खाली एक ओळ: हात घेऊन ये, हातमोजे नको. तिने रागावून लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. मी मेची तिकिटं काढलीत, पण तिचा हिवाळा मला परत करता येणार नाही.

शुभांगीकाकू, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तो व्हिडिओ नव्हता, माझी आई होती. मूळ फोटो तिच्याकडून मागवलाय, खाली अख्खा टाकतेय. मागच्या भिंतीवर वरचे मोठे अर्धगोल दिसतात ते आईचे. खालचे, जरा वाकडे, माझे.