हात दाखवला की थांबतात

रस्ता ओलांडायची माझी एकच रीत होती: हात दाखवायचा आणि चालू लागायचं. मारुती मंदिराच्या अलीकडे पांढरे पट्टे आहेत, पण तिथवर वळसा घालणार कोण? गाडीवाले करकचून ब्रेक मारत, पुटपुटत. मला कधी खरचटलंही नाही, म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

सासूबाई पावस गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. देवळात जाताना त्या पट्ट्यांपर्यंत चालत जायच्या आणि रस्ता पार रिकामा होईपर्यंत उभ्या राहायच्या. एकदा मी बरोबर होते. घरी स्वयंपाक व्हायचा होता, मी वैतागले.

"अहो आई, अशाने इथेच रात्र होईल. गावात एसटीला हात दाखवता ना? तस्साच दाखवायचा. थांबतात सगळे."

"खरंच थांबतात गो?"

मी हात दाखवला. थांबले. पलीकडे पोचल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

गेल्या महिन्यात त्यांनी एकटीने हात दाखवला. स्कूटीवरून येणारी कॉलेजातली मुलगी त्यांना चुकवायला गेली आणि घसरली. सासूबाईंना काही झालं नाही. मुलीचं उजवं मनगट मोडलं, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

दवाखान्यात तिच्या आईसमोर सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. "पोरीनं काय केलान? चूक माझी हो."

तेवढ्यात माझा नवरा आला आणि चिडून म्हणाला, "आई, असं मधेच घुसायला तुला सांगितलं तरी कोणी?"

मी शेजारीच होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोण सांगतोय? माझंच डोकं फिरलं."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, अजूनही नाही. घरात सगळे त्यांनाच जपून चालायला सांगतात, आणि मीही त्यात मान डोलावते. लाज वाटते, पण डोलावते.

त्या आता देवळात जात नाहीत. मी मात्र निमूटपणे पट्ट्यांवरून जाते. पूर्वी मी कामावर निघाले की त्या गॅलरीतून हात हलवायच्या. काल मीच खालून हात हलवला. त्यांनी नुसती मान हलवली. दोन्ही हात कठड्यावर घट्ट होते.