निळ्या तुकड्यांचं अर्धायुष्य

अंबरनाथच्या एका ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये द्रौपदीबाई एकोणीस वर्षं परिचर आहेत. गॅल्व्हानोमीटर मांडायचे, वायरींची टोकं घासून लख्ख करायची, चुंबकावरच्या कागदावर लोहकीस पसरायचा, ही त्यांची कामं. कीस आपोआप कमानी धरू लागला की त्याही पोरांबरोबर वाकून बघतात. मूळच्या बदलापूरजवळच्या गावच्या. बारावीत फिजिक्सनं दांडी उडवली, त्याच उन्हाळ्यात नाथाशी लग्न होऊन अंबरनाथच्या बुवापाड्यात आल्या, शिक्षण तिथंच थांबलं.

वीज नि चुंबक त्यांना हातानं कळले. किरणोत्सार मात्र कळेना. त्याचा प्रयोगच लॅबमध्ये नव्हता.

चार वर्षांपूर्वी नवे आलेले प्रज्वल सर किरणोत्सारी आयोडीन शिकवत होते. दर आठ दिवसांनी त्यातल्या अर्ध्या अणूंचं विघटन होतं, हेच त्याचं अर्धायुष्य, असं ते म्हणाले, तशी तेजस्वी नावाची मुलगी उठली.

"सर, मग सोळा दिवसांत सगळं खतम व्हायला पाहिजे ना?"

सरांनी सूत्र लिहिलं. पोरीचा चेहरा कोराच. दारात उभ्या द्रौपदीबाई दचकल्या. हाच प्रश्न त्यांनाही कधीचा छळत होता, विचारायचा धीर झाला नव्हता. तास सुटल्यावर त्यांनी तो धीर केला.

"सर, कुठला अणू कवा फुटायचा, ता कोण ठरवतंय?"

"कोणीच नाही, बाई. एकट्या अणूचं सांगताच येत नाही. लाखोंचं मिळून सांगता येतं."

त्यांची जाऊ बनूबाई जवळच्या कारखान्यातून आणलेल्या जीन्सचे सुटे धागे नि जास्तीचं कापड घरी कापते. संध्याकाळी तिच्या कामाच्या चिंध्या झाडता झाडता द्रौपदीबाई थबकल्या. जीन्सचं कापड एका बाजूनं निळं, दुसऱ्या बाजूनं पांढरट. कुठला तुकडा कसा पडेल, हेही कोणी ठरवत नव्हतं.

त्यांनी पेराएवढे दोनशे चौकोनी तुकडे कापले, डब्यात खुळखुळवले नि चटईवर ओतले. पांढरे पडले ते फुटले म्हणून बाजूला. निळे उरले एकशे चार. आणखी आठ दिवस गेले असं धरून ते पुन्हा ओतले, उरले एक्कावन्न. मग सत्तावीस.

"येडी झालीस काय गं?" बनूबाई म्हणाली.

"अगं, पहिल्या फेकीत वाचला म्हणून दुसऱ्या फेकीत त्याची पाळी, असा काय नाय! परत्येक वेळी नव्यानं अर्धे!"

दुसऱ्या दिवशी डबा लॅबच्या टेबलावर होता. सरांनी खडू द्रौपदीबाईंच्याच हातात दिला. "तुम्हीच दाखवा." आकडे फळ्यावर चढत गेले, नि तेजस्वीनं आलेख काढला. उतरत उतरत सपाट होत जाणारी रेघ. शेवटी एकच तुकडा उरला. तो सलग पाच वेळा निळाच पडला. पोरं ओरडू लागली.

"मॅडम, हा कधी जाणार?"

तोवरच्या पंधरा वर्षांत त्यांना मॅडम कोणी म्हटलं नव्हतं. "त्याचा काय सांगता येत नाय," त्या म्हणाल्या. सरांनी मान डोलावली.

सरांच्या आग्रहानं त्यांनी मुक्त विद्यालयाचा बारावीचा फॉर्म भरला. दोन वर्षं दुपारच्या सुट्टीत, कपाटामागच्या स्टुलावर बसून अभ्यास केला. फिजिक्समध्ये अठ्ठावन्न मिळाले. निकाल मोबाइलवर आला तेव्हा नाथानं त्यांना तो तीनदा मोठ्यानं वाचायला लावला, नि चौथ्यांदा स्वतः वाचला.