निशाणवाल्या काकांची भिंत

गोविंदकाकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते एका म्हशीची विचारपूस करत होते. म्हैस भिंतीवर होती, कोळशाने काढलेली आणि पाच पायांची. तिच्यापुढे हा पन्नाशीचा धिप्पाड माणूस उकिडवा बसून अगदी गंभीरपणे म्हणत होता, "बाई, सकाळपासून ताटकळत उभ्या आहात. पाणी पाजलं का कोणी?" ती म्हैस काढणारी मंजू, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी आणि माझी वर्गमैत्रीण, शेजारीच उभी होती. तिने लगेच म्हशीच्या तोंडासमोर तळं काढलं. काका गुडघे झटकत उठले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिची सोय झाली. तुझं कोण उपाशी आहे?" पाचव्या पायाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

जव्हार संस्थान होतं तोवर काका दरबारचे रंगारी होते. दसऱ्याच्या मिरवणुकीतली निशाणं रंगवायची, नाटकाचे पडदे रंगवायचे, कुठे महिरपीवर वेलबुट्टी काढायची, ही त्यांची नोकरी. सारं गाव त्यांना निशाणवाले म्हणे. खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पोस्टमनचंही त्यावाचून काही अडलं नाही. मग संस्थान विलीन झालं. नवं निशाण ठाण्याहून मोटारीतून तयारच आलं, घडी घातलेलं. काका मुद्दाम बघायला गेले, कापड दोन बोटांत धरून पाहिलं, "रंग पक्का आहे" म्हणाले आणि घरी आले. पुढे कचेरीने त्यांना खुर्च्यांच्या पाठीवर आकडे घालायचं काम दिलं. माझे वडील त्याच कचेरीत कारकून. काका मला म्हणायचे, "खुर्च्या संपल्या की माणसांना आकडे घालायचे आहेत. तुझ्या बापाची पाठ चांगली रुंद आहे. एक ओळ कविताही मावेल."

याच सुमारास त्यांनी घरातली एक भिंत मुलांना देऊन टाकली. चुलीच्या समोरची, मोठी भिंत. आमच्याकडच्या बहुतेक घरांसारखीच ती कारवीच्या काटक्यांचा कूड करून त्यावर माती लिंपलेली आणि वर शेणाने सारवलेली होती. आळीतल्या कुठल्याही मुलाने यावं, कोळसा, चुना, हळद, तांदळाच्या पिठाची पांढरी, हाताला लागेल ते घ्यावं आणि हवं ते काढावं. काका शिकवत काहीच नसत. "छान" हा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नाही. ते चित्रातल्या माणसांशी आणि जनावरांशी बोलत आणि आम्ही उत्तरं काढत बसू. कायदा एकच होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळी भिंत पुसायची. शेणात गेरू कालवायचा आणि आपलं चित्र आपल्याच हाताने सारवून टाकायचं.

हा कायदा त्यांनी उगाच केला नव्हता. विलीनीकरणानंतर सामानाची मोजदाद करायला दरबारची एक कोठी उघडली, तेव्हा काकांना बोलावलं होतं. त्यांची आयुष्यभराची निशाणं आणि पडदे तिथे गुंडाळून ठेवले होते. काकांनी एक गुंडाळी उचलली तर हातात नुसती काठी आली आणि कापडाची माती खाली सांडली. आत वाळवी नांदत होती. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरून गेलं: "राखलेलं वाळवीचं, पुसलेलं आपलं." चित्र पुसताना कुणी रडकुंडीला आलं की ते हे वाक्य असं ठसक्यात म्हणत, की रडणारा नाक ओढत शेणात हात घाली.

एकदा माझे वडील तणतणत त्यांच्याकडे गेले. मीही मागोमाग गेले, कारण भांडणाचा विषय मीच होते.

"गोविंदराव, आमच्या कुसुमने माजघरात म्हैस काढली आहे. तुमच्या शिकवणीचा हा परिणाम."

"म्हैस कशी आहे?"

"म्हैस बरी आहे. प्रश्न तो नाही. पाहुणे येतात घरी."

"मग दावं काढायला सांगा. मोकळी असेल तर पाहुण्यांना मारील."

वडील तणतणतच मागे फिरले. मग घरी आले आणि मला म्हणाले, "दावं काढ." म्हैस पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्या माजघरात होती. पाहुण्यांना वडील आपणहून ती दाखवत.

इथवर सांगताना मला मजा येते. म्हणून मी नेहमी इथेच रेंगाळते.

पावसाळ्यात जव्हारला सारवलेलं वाळत नाही. त्यामुळे आषाढापासून नवरात्र तोंडावर येईपर्यंत पुसण्याचा कायदा आपोआप थांबायचा. त्या वर्षी पावसाळाभर काकांना मोखाड्याच्या बाजूला पाठवलं होतं. पोशेऱ्याला आणि आसपासच्या गावांत नव्या शाळा निघत होत्या, त्यांचे फळे काळे करायला. "निशाणवाला आता काळं फासत हिंडतो," असं म्हणून ते आपणच हसायचे. वाटा चिखलाच्या, घरी येणं क्वचितच. इकडे मंजूने भिंतीचा उजवा कोपरा अडवला होता. रोज थोडं काढायची, थोडं थांबून बघायची. आम्ही जवळ गेलो की परकर पसरून आडवी उभी राहायची. "पुरं झालं की बघा," म्हणायची. काकी समोर चुलीपाशी भाकऱ्या थापत असायच्या. त्यांना मात्र तिची आडकाठी नव्हती.

काका परत आले ते नवरात्राच्या आधीच्या शनिवारी. रखमी शेणाची पाटी घेऊन आली होती. ती जवळच्या पाड्यावरची, आळीतली सगळी घरं सारवायला तीच यायची. काकांनी खांद्यावरची पिशवी टाकली, बाह्या सरसावल्या आणि घमेल्यात गेरू कालवायला बसले.

"बाबा, माझा कोपरा राहू दे," मंजू म्हणाली.

"का? निशाणवाल्याची मुलगी म्हणून? ही दरबारची भिंत नाही. सगळ्यांची पुसायची आणि तुझं ठेवायचं होय?"

"आधी बघा तरी."

"बघितलं की मोह होतो, बाळ. लाव हात."

हे ते हसत म्हणाले, आणि आम्हीही हसलो. त्यांची मान घमेल्यावरून वर झाली नाही. मंजूने शेणाचा गोळा घेतला आणि आपला कोपरा वरपासून खालपर्यंत सारवला. तिचं सारवण आमच्यापेक्षा नेहमीच साफ असे. एक रेघ खाली डोकावली नाही.

त्याच नवरात्रात तिला ताप चढला. हिवतापाचे दिवस होते, तसलाच असेल म्हणून काढा दिला. मग दवाखान्यात नेलं. दवाखान्यातून ती परत आली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मला काकांनी हाक मारली. गेले तर ते उजव्या कोपऱ्यापाशी बसलेले, हातात चुलीजवळचं उलथनं. सारवणाचा वरचा पापुद्रा ते नखाएवढा नखाएवढा सोडवत होते. पण पापुद्र्याबरोबर खालची पांढरीही निघून येत होती. तळहातावर शेणाचा चुरा तेवढा उरे. ते आणखी खाली गेले. मागच्या उन्हाळ्यातलं काहीतरी लागलं.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं. म्हशीचं शिंग."

"आणि हे?"

"बैलगाडीचं चाक. तेही माझंच."

"तिचं काही?"

तिचं काही नव्हतं. त्यांनी आळीतल्या सगळ्या मुलांना बोलावून विचारलं, मंजू काय काढत होती. एक म्हणाला देऊळ. एक म्हणाली झाड होतं, मोठं. मी म्हटलं होडी होती, कारण परकराच्या कडेने मला काहीतरी निमुळतं दिसलं होतं. काकांनी प्रत्येकाच्या हातात कोळसा दिला आणि दाराच्या फळीवर काढायला लावलं. बघितलं आणि म्हणाले, "नाही. हा तिचा हात नाही." कोळशाचे हात घेऊन आम्ही तिथेच उभे राहिलो. पुसा असं त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं नाही.

खरवडणं दिवाळीतही चालू होतं. शेण गेलं, माती गेली, कारवीच्या काटक्या उघड्या पडल्या. मग काटक्यांमधूनही रस्ता दिसायला लागला. रखमी दारात उभी राहून म्हणाली, "भिंत मी लिंपून देन, काका. पण तू तिला खरवडू नको. पोर काय भिंतीत नाय गेली."

त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा काकी उठल्या. त्यांनी उलथनं काकांच्या हातातून काढून घेतलं आणि चुलीपाशी जागच्या जागी ठेवलं.

"मला नाही विचारलंत," त्या म्हणाल्या.

काकांनी वर पाहिलं. खरंच, सगळ्या गावाला विचारलं होतं, त्यांना नव्हतं.

"तू बघितलंस?"

"रोज. पाऊसभर. कुठल्या दिवशी काय काढलं तेही सांगेन."

"मग सांग."

"नाही सांगणार. सांगितलं की तुम्ही ते काढाल. तुमचा हात तयार आहे, माझ्या सांगण्यापेक्षा चांगलं काढाल. मग मला तुमचंच दिसेल. तिचं जाईल."

काकांनी त्या भोकातून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे." तिथे बांबूची तट्टी ठोकली. मुलांना त्यांनी येऊ नका असं म्हटलं नाही, पण तट्टीवर चित्र निघत नाही. आमचं जाणं आपोआप कमी झालं आणि मग थांबलं.

मात्र काकांना एक नवीन वाक्य सापडलं. कुणी सांत्वनाला आलं, कुणी भिंतीची चौकशी केली, की ते स्वयंपाकघराकडे बोट करून म्हणत, "चित्र आहे. हिच्याजवळ आहे." हे म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. आकडे घालायला कचेरीत जाताना म्हणत, परतताना म्हणत. त्यावरच ते जगत होते, असं आळीतले लोक बोलत, आणि ते काही वाढवून सांगणं नव्हतं.

मी पुढे ठाण्याला मामांकडे शिकायला गेले. मंजू जाऊन दहाएक वर्षं होत आली, तेव्हा एका सुट्टीत काकांच्या घरी गेले. काका ओसरीवर बसले होते, वाळलेले, हातात काही नाही. मी आत गेले. काकी तांदूळ निवडत होत्या. मी मोठी झाले होते, आता विचारलं तर चालेल असं वाटलं.

"काकी, मला सांगाल? मी कुणाला सांगणार नाही. काढणारही नाही."

त्यांचा हात सुपात थांबला.

"तिचा परकर आठवतो, कुसुम. पाठीवर वेणी यायची, तिला खालून शेण लागलेलं असायचं, ते आठवतं. हात वर करून काढायची." त्या तट्टीकडे बघत होत्या. "काय काढायची ते दिसत नाही. पहिली दोन-तीन वर्षं रोज रात्री डोळे मिटून सगळं बघायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एकेक गोष्ट दिसेना. मला वाटायचं उद्या दिसेल. आता काहीच नाही. होडी होती का गं?"

"मला नाही माहीत, काकी."

"त्यांना कळता कामा नये," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

निघताना काका मला सोडायला फाटकापर्यंत आले. आळीत कुणी नाही असं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"विचारलंस ना तिला?"

"हो."

"सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"नाहीच सांगायची," काका म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "पक्की आहे ती."