जिवंत की मेलेला, हे ग्रंथाला विचारून

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. गल्लीच्या टोकाला तिचं शिवणकामाचं दुकान. पडदे, गाद्यांची कव्हरं, आणि अलीकडे ध्यानकेंद्रासाठी गोल बैठका. सावरीचा कापूस ती असा ठासून भरायची की तासभर बसून उठलं तरी बैठकीला खळगा पडायचा नाही. तिच्या बैठकांवर बसून गावभरची माणसं शांत होत. ती स्वतः मात्र जन्मात कधी शांत झाली नव्हती. गिऱ्हाईक "जरा लवकर द्या" म्हणालं, की "मग घरीच शिवा" हे उत्तर तयार. ठरलेलं लग्नसुद्धा तिनंच मोडलं होतं, कारण नवरा मुलगा तिच्या आईचा उल्लेख "ती म्हातारी" असा करून बसला.

घरात दोघीच. धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला होता. कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत बोटीवर चढलाच नाही. कंपनीनं हात वर केले, पोलिसांनी कागद घेतले आणि विसरले. तेव्हापासून आई घरातल्या टेलिफोनशेजारी बसून होती. सगळ्या गल्लीनं तारेचे फोन कधीच काढून टाकले, यांनी ठेवला. पोराला कुठलाच नंबर लक्षात राहायचा नाही, हा घरचा तेवढा पाठ होता. बसून बसून आईच्या जिवाला काही होईल म्हणून लेकीनंच तिला रोज सकाळी तासभर केंद्रात धाडायला सुरुवात केली. तेवढ्या वेळात फोन आलाच तर शेजारीण उचलेल, अशी सोयही लावून दिली.

एक दिवस दुपारी ती जेवायला घरी आली तर भावाच्या पलंगावरची गादी गुंडाळलेली, आणि त्याचे कपडे गाठोड्यात बांधून दाराशी ठेवलेले.

"उद्या टेलिफोनवाला येतोय," आई म्हणाली. "फोन काढून न्यायला सांगितलंय."

"का?"

"तो नाही आता."

तोफ उंबऱ्यातच थांबली. "कुणी सांगितलं? पोलिस आले होते?"

पोलिस नव्हते. केंद्रातल्या आचार्यांनी सांगितलं होतं. ते मैत्रीभावना शिकवत, म्हणजे एकेका माणसाला मनासमोर आणून त्याचं भलं चिंतायचं. आई मुलाला समोर आणायची आणि तिचं मन काही केल्या एका जागी ठरायचं नाही. तिनं आचार्यांना विचारलं. ते म्हणाले, ग्रंथात लिहिलंय की मेलेल्या माणसावर ही भावना धरत नाही.

"आणि तू ऐकलंस?" तोफ ओरडली. "माझा भाऊ जिवंत आहे की मेलाय, हे आता पोथी सांगणार?"

आई गाठोड्याची गाठ घट्ट करत राहिली.

जेवण गेलं खड्ड्यात. तोफ तशीच केंद्रात गेली. चपला बाहेर काढायचं भान होतं, एवढंच. मोठ्या खोलीत आचार्य एकटेच बसले होते, तिनंच शिवलेल्या बैठकीवर. ती खालून ओढून काढावी असं तिच्या मनात आलं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" ती म्हणाली. "की ज्योतिषी? माझ्या आईला पोरगा मेला म्हणून सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"ताई, बसा."

"बसत नाही."

"पावलं आपटत आलात तेव्हाच कळलं," ते हळू आवाजात म्हणाले. "रागीट स्वभावाचा माणूस जमीन उकरल्यासारखा चालतो, असं ग्रंथात आहे. अशा माणसाला मैत्रीभावनाच द्यावी असंही..."

"माझी चाल राहू द्या! माझ्या भावाचं बोला!"

हा शहाणपणा त्यांनी करायला नको होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला जगातली प्रत्येक गोष्ट आधी ग्रंथात सापडायची आणि मग समोर दिसायची. ग्रंथही काही साधासुधा नव्हे. दीड हजार वर्षांपूर्वीचा. बुद्धाची स्वतःची वचनं नव्हेत ती. त्याच्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंनी ध्यान शिकवताना जे ताडून पाहिलं, ते एकाने एकत्र आणलं. कुणाला कशावर ध्यान करायला द्यावं, मन कुठे अडतं, अडलं तर काय करावं, सगळं त्यात आहे. पुढच्यांनी त्यावर अर्थ उलगडणाऱ्या टीका लिहिल्या, त्या टीकांवर आणखी टीका. वचनांच्या खालोखाल मान त्याला. पण तो शिकवणाऱ्यासाठी होता. समोर माणूस बसवून वाचायचा होता.

"वाचा," तोफ म्हणाली. "मला ऐकू दे काय लिहिलंय ते."

आचार्यांनी कपाटातून जाड ग्रंथ काढला. पान त्यांना शोधावं लागलं नाही. मोठ्यानं वाचू लागले: सुरुवात स्वतःपासून करावी. सुरुवातीला नावडता माणूस घेऊ नये. फार लाडका माणूसही घेऊ नये, कारण त्याच्या जराशा दुःखानंही रडू येतं आणि मन ठरत नाही. मेलेल्या माणसावर तर...

ते थांबले.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढचं मी तुमच्या आईंना सांगितलं." त्यांनी बोट आधीच्या ओळीवर नेलं. "हे तेव्हा नाही सांगितलं. मुलापासून सुरुवात करू नका म्हणालो होतो, त्या ऐकेनात. मीही सोडून दिलं. मग मन ठरत नाही म्हणाल्या तेव्हा मला नेमकी खालचीच ओळ आठवली."

"म्हणजे तो लाडका आहे म्हणूनही मन ठरत नसेल?"

"हो."

"मग मारून कशाला टाकलात त्याला?"

त्यांनी ग्रंथ मिटला. तोफेनं त्यांना ग्रंथासकट घरी आणलं, अक्षरशः पुढे घालून. त्यांनी आईसमोर तेच पान वाचलं आणि हात जोडले. "माझी चूक झाली आई. यावरून तो गेला असं म्हणता येत नाही."

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुम्ही अख्खं पान वाचून दाखवलं होतंत."

"ठाऊक होतं?" तोफ किंचाळली. "मग फोन का काढतेस?"

मग आई चिडली. लेकीनं तिला असं चिडलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"कारण मला उठायचंय इथून! तू सकाळी दुकानात जातेस, चार माणसांवर ओरडतेस, मोकळी होतेस. मी काय करते? आंघोळीला गेले तर नळ बारीक सोडते, घंटा ऐकू यावी म्हणून. माझी सख्खी बहीण आजारी पडली, तिला बघायला गेले नाही. ध्यानाला बसते तरी एक कान घराकडे. तो गेला असं मला म्हणवत नव्हतं. कुणीतरी जाणत्यानं म्हणावं, एवढंच हवं होतं. यांनी म्हटलं. आणि तू त्यांना धरून आणलंस!"

आचार्य मान खाली घालून उभे होते. तोफेनं फोनकडे पाहिलं. जिवंत आहे, जिवंत आहे, असं तीच घरात ओरडत आली होती, आणि वाट मात्र आईला बघायला लावली होती.

"फोन काढायचा नाही," शेवटी ती म्हणाली. "दुकानात लावायचा. तू मावशीकडे जा."

दुसऱ्या दिवशी टेलिफोनवाल्यानं तार ओढून फोन दुकानात बसवला. आई छोटी पिशवी घेऊन बसस्टॉपकडे गेली, मागे वळून न बघता. केंद्राच्या बैठका उद्या द्यायच्या होत्या. तोफेनं कापड सुईखाली घेतलं, मशीन चालू केलं, आणि चार टाके झाले नाहीत तोच बंद केलं. घंटा वाजली का? नव्हती वाजली. परत चालू केलं, परत थांबवलं. गिऱ्हाईक आलं, बोलू लागलं, तर तिनं हात वर करून त्याला गप्प केलं. संध्याकाळ झाली तरी एक शिवण पुरी झाली नव्हती, आणि ती फोनकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून बसली होती.