कुंडी भिजवलेलं पाणी

घरी सिमेंटच्या कुंड्या करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका गंजक्या पिप्यामुळे. तेलाच्या त्या पिप्यात माझ्या नवऱ्याने अनंताचं झाड लावलं होतं. तो हैदराबाद रोडला ट्रक चालवायचा. पांढरकवड्यात आमचं घर रस्त्याच्या इतकं जवळ आहे की त्याच्या गाडीचा हॉर्न मला ओळखू यायचा. आंध्रातल्या कुठल्याशा नर्सरीतून ते रोप त्याने केबिनमध्ये पायाशी ठेवून आणलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच रस्त्यावर तो अपघातात गेला. झाड राहिलं.

घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मी ब्लाउज शिवते. सासूबाई रोज सकाळी आधी अनंताला तांब्याभर पाणी घालायच्या आणि मग चहा प्यायच्या. घालताना त्याच्याशी बोलायच्याही. "पी रे बाप्पा, ऊन लई हाये." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. अपघाताच्या दिवशी नवऱ्याला गाडीवर जायचा कंटाळा आला होता आणि सासूबाईंनीच त्याला उठवून पाठवलं होतं. कुणी विचारो न विचारो, त्या हे सगळ्यांना सांगायच्या. मला त्याचा राग यायचा. माझा माणूस गेला तो गेला, त्यात रोज नवा हिशोब कशाला, असं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पिप्याचा तळ सडून माती गळायला लागली. बाजारातून एक प्लास्टिकची कुंडी आणली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण आमच्याकडच्या उन्हात प्लास्टिक दोन वर्षांत तडकतं, आणि मला ते झाड कायमचं कुठंतरी बसवायचं होतं. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. हायपरटुफा म्हणे. सिमेंटमध्ये हलकं सामान कालवून केलेली कुंडी. दिसायला जुन्या दगडाची, उचलायला हलकी आणि टिकायला जन्मभराची.

त्यातलं निम्मं सामान आमच्याकडे मिळत नाही. नारळाच्या काथ्याचं कोकोपीट मिळालं. पर्लाइट, म्हणजे ते पांढरे हलके खडे, म्हटल्यावर नर्सरीवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मी शेजारच्यांच्या नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल मागून आणला आणि किसणीवर किसला. अर्धा घरभर उडाला, सासूबाईंच्या केसांत जाऊन बसला. मोठ्या घमेल्यात लहान घमेलं ठेवून साचा केला. पहिली कुंडी घाईने काढली, ती हातातच दुभंगली. दुसरी दोन दिवस ओल्या पोत्याखाली ठेवली, ती निघाली. कडा वाकड्या, पण निघाली. कितीतरी दिवसांनी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

हातमोजे घालायचं मात्र मी मनावर घेतलं नव्हतं. बोटांची सालं निघाली, सुई धरवेना. सासूबाईंनी खोबरेल लावता लावता म्हटलं, "हे त चुन्यावाणी खाते व." तंबाखूत चुना मळण्यात त्यांचा जन्म गेलेला, डबी सदा कमरेला. मी म्हटलं, "सिमेंट आहे ते, चुना नाही."

व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं की कुंडी लगेच वापरू नका. तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. काढलेल्या पाण्याचं काय करायचं ते तिने सांगितलं नव्हतं. तिच्या मागे नळीतून धो धो पाणी वाहत होतं, ते बहुतेक नालीतच जात असणार. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठव्या दिवशी येतो. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, भांड्यांचं शेवटचं पाणी, काहीच फेकायचं नाही आणि सगळं अनंताला घालायचं हा सासूबाईंचाच नियम. तेव्हा टपात कुंडी भिजवलेलं बादलीभर पाणी काढून फेकायची कल्पनासुद्धा मला सहन झाली नसती. मी बादली दारात ठेवली आणि म्हटलं, "आई, आता हे झाडाले टाकत जा. पिण्याचं पाणी वाचंन तेवढंच."

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्या बादलीत बोटं बुडवून दारात उभ्या होत्या. लग्नसराई होती, माझ्यासमोर ब्लाउजांचा ढीग. त्या म्हणाल्या, "हे पाणी बुळबुळीत लागून राह्यलं व. झाडाले चालते का?"

मी मशीनवरून मानही वर केली नाही. "तुम्हाले काय समजते त्यातलं? टाका म्हटलं तर टाका ना गुमान."

त्यांनी टाकलं. त्यानंतर रोज टाकलं.

दहा-बारा दिवसांनी पानं पिवळी पडायला लागली. शिरा तेवढ्या हिरव्या. मी म्हटलं उन्हानं झालं असेल, म्हणून जुनी ओढणी बांधून सावली केली आणि पाणी वाढवलं. त्याच बादलीतलं. मग पानांच्या कडा जळाल्या, तीन कळ्या आल्या होत्या त्या गळाल्या. मे संपता संपता बुंध्याची साल नखाने खरवडून पाहिली तर आत सगळं वाळलेलं होतं.

पिप्यातल्या मातीवर पांढरी खपली धरली होती. तसाच पांढरा थर टपाच्या कडेला होता. मी व्हिडिओ पुन्हा लावला, ह्या वेळी शेवटपर्यंत. कुंडीतला चुना निघून जावा म्हणून भिजवायची, नाहीतर झाड मरतं, असं ती बाई अगदी हसत सांगत होती.

शेजारच्या बायकांना सासूबाई सांगत होत्या, "माह्याच हातानं गेलं. पोरगं बी माह्याच हातानं अन् झाड बी." मी आतून ऐकत होते. बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. मी मशीन चालू केली. असे आठ दिवस काढले. इतकी भित्री मी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

नळ आला त्या सकाळी कुंडी टपातून काढून धुतली. आता ती खरोखरच तयार होती. सासूबाई बाजूला बसून हंडे भरत होत्या. म्हणाल्या, "मोठी छान झाली व. काय लावशीन याच्यात?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, "आई, तुमच्या हातानं नाही गेलं. ह्या कुंडीच्या पाण्यानं गेलं. चुना होता त्यात. मीच टाकायले लावलं तुम्हाले."

त्यांनी भरलेल्या हंड्यातला पाइप दुसऱ्या हंड्यात घातला. "मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "तू वरडली ना, त्याच दिवशी जिभेले लावून पाह्यलं मी. चुनाच होता."

"मग टाकलं काहून?"

"तू रागावली होती." नळाकडे बघत त्या सावकाश म्हणाल्या, "पोरगा त गेला. आता तूच हायेस मले. झाडासाठी तुह्याशी भांडून मी कुठी जाऊ?"

पाणी जाईपर्यंत आम्ही दोघींनी मिळून सगळे हंडे भरले. कुंडी अजून दारात रिकामीच आहे. त्या दिवसानंतर मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नाही असं मला इथं लिहायचं होतं. पण चढवला आहे, दोनदा. दोन्ही वेळा मी सांगितलं ते त्यांनी निमूटपणे केलं.